अहो बेबी

कुणावरही चटकन विश्वास ठेवायचा नाही, ही पुण्याची जुनी शिकवण ज्यांनी शेवटपर्यंत निष्ठेने पाळली, असे मला भेटलेले एकच गृहस्थ म्हणजे आमचे घरमालक. मी कर्वेनगरातल्या एका कॉलेजात नव्याने शिकवायला लागलो, तेव्हा त्यांच्या छोट्या बंगलीची वरची खोली मला मिळाली. मिळाली म्हणजे काय, तर त्यांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं आणि विचारलं, "शिक्का तिरका का?" मी म्हटलं, "मारणाऱ्याचा हात हलला असेल." ते म्हणाले, "तेच विचारतोय. का हलला?" गॅसचं सिलिंडर आलं की ते स्वतःच्या ताणकाट्याला टांगून तोलायचे. दूधवाल्याच्या दुधात काचेची नळी सोडायचे आणि तो बिचारा पायरीवर निकालाची वाट बघत उभा राहायचा. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं तपासनिसाची नोकरी केली होती. "आमच्याकडे चूक झाली तर पत्र येत नाही, प्राध्यापक," ते मला सांगायचे, "आवाज येतो."

घरात ते आणि त्यांची मोठी बहीण, एवढीच माणसं. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. बहिणीला ते अक्का म्हणायचे, म्हणून मीही अक्का म्हणायचो. अक्का प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, सतत बोलणाऱ्या, कुणालाही पोह्यांशिवाय न सोडणाऱ्या बाई. त्यांनी एक पांढरी पामेरियन कुत्री पाळली होती आणि हौसेने तिचं नाव बेबी ठेवलं होतं. बेबीचं जग म्हणजे अक्का. घरमालकांना ती दोनदा चावली होती. "पहिल्यांदा चुकून चावली," ते म्हणायचे, "दुसऱ्यांदा विचार करून." एकाच घरात आठ-नऊ वर्षं ते दोघे एकमेकांना टाळून राहिले. एक खोलीत आला की दुसऱ्याने उठून जायचं, असा अलिखित करारच होता.

मग एका सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता अक्का खाली बसल्या आणि उठल्याच नाहीत. तेराव्या दिवसापर्यंत घर नातेवाइकांनी भरलेलं होतं. चौदाव्या दिवशी ते रिकामं झालं. जाताना एका चुलतभावाने सुचवलं, की कुत्री आता एखाद्या संस्थेत देऊन टाकावी, तुम्हांला काय तिची आवड नाही. घरमालक शांतपणे म्हणाले, "अक्काची वाटीसुद्धा मी कुणाला दिलेली नाही." चुलतभाऊ चप्पल घालून निघून गेला. आणि ज्यांचं एकमेकांशी कधी पटलं नव्हतं असे दोन जीव त्या घरात उरले.

पहिली अडचण हाक मारण्याची आली. सकाळी फाटकापाशी उभं राहून, सगळी आळी ऐकत असताना, साठी उलटलेल्या ब्रह्मचाऱ्याने "बेबी, बेबी" करून ओरडायचं कसं? त्यांनी दोन दिवस विचार केला आणि तिला अहोजाहो करायला सुरुवात केली. "अहो, चला आता. पुरे झालं हुंगणं." समोरच्या घरातल्या बाईंना वाटलं, म्हातारपणी यांनी गुपचूप लग्न केलं की काय. पण बेबी आदरालाही बधली नाही. ती अक्कांच्या खाटेखाली जाऊन पडली आणि तिने खाणं सोडलं. दूधभात, पोळी, उकडलेलं अंडं, काही पुढे केलं तरी तोंड फिरवायची. पाचव्या दिवशी घरमालक जिना चढून माझ्या खोलीत आले. ते वर येत नसत. दारातच उभे राहून म्हणाले, "प्राध्यापक, डॉक्टर निवडायचाय. टोपली धराल का? मी धरली तर चावते."

डॉक्टर निवडणं हा त्यांच्या लेखी तपासणीचा विषय होता, पण बेबीकडे वेळ नव्हता, म्हणून सगळी तपासणी दोन दिवसांत उरकायची ठरली. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात म्हशींच्या आणि शेळ्यांच्या रांगेत आम्ही तासभर बसलो. तिथल्या थकलेल्या डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "दूध किती देते?" घरमालक म्हणाले, "पिते. तेही आता बंद आहे." बिबवेवाडीतल्या दुसऱ्या दवाखान्यात मऊ खुर्च्या होत्या, माशांची पेटी होती. तिथल्या डॉक्टरांनी बेबीला हात लावायच्या आधीच सहा तपासण्या आणि तीन टॉनिकं लिहून दिली. घरमालकांनी कागद नीट वाचला आणि विचारलं, "यातलं कुठलं दिलं नाही तर काय होईल?" डॉक्टर म्हणाले, "रिस्क तुमची." ते उठले. बाहेर येऊन मला म्हणाले, "आधीच्या माणसाच्या लॅब्रेडोरलाही हीच तीन टॉनिकं लिहिली होती. मी डोकावून बघितलं." तिसऱ्या डॉक्टरांना त्यांनी विचारलं, की तुमच्या घरी काय पाळलंय. "छे हो," ते डॉक्टर म्हणाले, "मला वास सहन होत नाही." आम्ही टोपली उचलली. मी चिडलो होतो. रिक्षात बेबीचा श्वास मला टोपलीतून जाणवत होता, आणि तो फार हलका होता.

शेवटी आमच्याच भागात, एका इमारतीखालच्या मोटारीच्या गॅरेजात थाटलेला दवाखाना सापडला. एक लाकडी बाक, एक टेबल, आणि पस्तिशीच्या, केस घट्ट बांधलेल्या डॉक्टरबाई. त्यांनी बेबीला जमिनीवर सोडलं, स्वतःही खाली बसल्या आणि बराच वेळ नुसतं तिच्याकडे बघत राहिल्या. मग दात पाहिले, पोट दाबून पाहिलं, ताप पाहिला. घरमालकांनी विचारलं, "काय झालंय हिला?"

"माहीत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

घरमालकांचा चेहरा एकदम उजळला. माझ्याकडे वळून, त्या समोर असतानाच, ते म्हणाले, "बत्तीस वर्षं नोकरी केली, प्राध्यापक. 'माहीत नाही' म्हणणारा माणूस आज भेटला."

डॉक्टरबाईंनी हसून सलाईन लावलं आणि घरातलं सगळं विचारून घेतलं. अक्कांचं समजल्यावर त्यांनी विचारलं, "जेवताना हिच्याजवळ कोण बसायचं?"

"अक्का. खाली बसून जेवायची आणि हिच्याशी अखंड बोलायची."

"मग आता तुम्ही बसा. खाली. आणि बोला."

"काय बोलू?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

"काहीही चालेल. तिला मराठी कळत नाही."

त्या संध्याकाळी मी चावी द्यायला खाली गेलो, तर स्वयंपाकघरातून आवाज येत होता. घरमालक पाटावर बसले होते, समोर दोन ताटल्या होत्या आणि ते बेबीला काडतुसाच्या टरफलाची जाडी कशी मोजतात ते समजावून सांगत होते. रोज थोडं थोडं ऐकू यायचं. कारखाना संपला, मग शेजाऱ्यांची गाऱ्हाणी झाली, महागाई झाली. बेबी खाटेखालून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली होती, पण खात नव्हती. मग एकदा मी जिन्यातच थबकलो. ते म्हणत होते, "अहो, त्या सकाळी तिने मला हाक मारली होती. मी पेपर वाचत होतो. म्हटलं, आलो. आलो म्हटलं आणि पान पुरं केलं." मी पाय न वाजवता वर गेलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फाटकात गाठून कोरड्या आवाजात सांगितलं, "काल दोन घास खाल्ले. दूधभात. लिहून ठेवलंय."

बेबी खायला लागली तशी त्यांची शिस्तही कामाला लागली. महागड्या औषधात असतं तेच द्रव्य माणसांच्या स्वस्त औषधात असतं का, हे ते डॉक्टरबाईंना विचारून घ्यायचे आणि मग औषधाच्या दुकानात जायचे. एकदा मी बरोबर होतो. दुकानदाराने विचारलं, "पेशंटचं नाव?" "बेबी." "वय?" "दहा." "वजन?" "सहा किलो." दुकानदाराने हातातली बाटली खाली ठेवली. "अहो आजोबा, दहा वर्षांची मुलगी सहा किलोची?" घरमालक म्हणाले, "केस कापले की साडेपाच." घरी ते स्वतः कातरीने तिचे केस कापायचे, नखं कापायचे, कान पुसायचे. पामेरियन कुत्री त्यांच्या हातून अर्धी मेंढी होऊन बाहेर पडायची. पण वर्षाच्या लशीत आणि तपासणीत त्यांनी कधी काटकसर केली नाही. "काटकसर कुठे करायची नाही हे कळलं," ते म्हणायचे, "की बाकी ठिकाणी करायला मजा येते."

पुढच्या पावसाळ्यानंतर बेबी पुन्हा आजारी पडली. सारखी पाणी प्यायची, पोट फुगलं होतं. डॉक्टरबाईंनी या वेळी 'माहीत नाही' म्हटलं नाही. गर्भाशयात पू झाला होता. ऑपरेशन करावं लागणार होतं, खर्च बराच होता आणि तिचं वय पाहता ती टेबलावरून उठेलच याची खात्री नव्हती. "काका, नाही केलं तर थोडेच दिवस," त्या म्हणाल्या. "केलं तर सांगता येत नाही. तुम्ही काहीही ठरवलंत तरी मी तुम्हांला चूक म्हणणार नाही." घरमालकांनी नेहमीचे प्रश्न विचारले नाहीत. फक्त विचारलं, "तुमची असती तर?" "केलं असतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. घरमालकांनी मान डोलावली.

मला माहीत होतं, की त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि दिवाळीनंतर ऑपरेशन करायचं म्हणून त्यांनी पैसे बाजूला काढले होते. घरी येताना मी तो विषय काढला. त्यांनी मला मध्येच थांबवलं. "मला डोळे दोन आहेत, प्राध्यापक. एक चालतोय अजून." मी थोडे पैसे देऊ केले, तर म्हणाले, "भाडं वाढवू का?"

ऑपरेशनच्या दिवशी ते गॅरेजाबाहेरच्या बाकावर अडीच तास ताठ बसून होते. मी चहा आणला, तो तसाच थंड झाला. शटर वर झालं तेव्हा डॉक्टरबाईंच्या कपाळावर घाम होता. "आहे," एवढंच त्या म्हणाल्या. आत बेबी गुंगीत पडली होती, जीभ बाहेर आली होती. हातात कातर नसताना घरमालकांनी प्रथमच, चाचपडत, तिच्या डोक्यावर हात ठेवला. "अहो," ते म्हणाले. बेबीने डोळे न उघडता ओठ मागे घेतला आणि बारीकशी गुरगुरली. ते माझ्याकडे वळून समाधानाने म्हणाले, "ठीक आहे. ओळखलं."

त्यानंतर बेबी दोन वर्षं जगली. टाके निघाल्यावरही दर गुरुवारी तिला तपासायला न्यायचा त्यांनी नेम ठेवला. डॉक्टरबाई सांगून थकल्या, की इतकं यायची गरज नाही. मधल्या काळात माझं लग्न झालं आणि मी बिबवेवाडीला राहायला गेलो. भेटी कमी होत गेल्या. बेबी गेल्याचं मला त्यांच्या पोस्टकार्डातून कळलं. चार ओळी होत्या: झोपेत गेली, त्रास झाला नाही, वरची खोली रिकामी आहे, कुणी ओळखीचा असल्यास कळवावे.

मी जायचं म्हणत म्हणत महिना घालवला. एका गुरुवारी गेलो, तेव्हा घराला कुलूप होतं. समोरच्या बाई म्हणाल्या, "दवाखान्यात असतील." मी घाबरून विचारलं, "कुठल्या?" त्यांनी गॅरेजाच्या दिशेने बोट दाखवलं.

ते बाकावर टोकाला बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर हात ठेवून. शेजारी एक मुलगी मांजर घेऊन बसली होती, पलीकडे एक बॉक्सर कुत्रा जीभ काढून धापा टाकत होता. त्यांनी मला पाहिलं नाही. मीही हाक मारली नाही. मांजर आत गेलं, बॉक्सर आत गेला आणि बाहेर आला. मग त्यांचा नंबर आला. ते उठले, पडदा सारून आत गेले. पडदा पुरता लागला नव्हता.

"काय काका," डॉक्टरबाई हात धुता धुता म्हणाल्या, "आज काय?"

"काही नाही," ते म्हणाले. "नंबर लागला होता."

डॉक्टरबाईंनी नळ बंद केला, हात पुसले आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "बाहेर कुणी नाहीये."