शुईदादांचं माकुळाचं सूप

गुरुवारी संध्याकाळी चिन-शुईने गाड्यावर ‘आज सुट्टी’ची पाटी लावली. तैवानातल्या च्याई शहरात, देवळामागच्या रात्रबाजारात तो एकतीस वर्षं माकुळाचं, म्हणजे स्क्विडचं, दाट सूप विकत होता. गिऱ्हाईक म्हणून मात्र तो आज पहिल्यांदाच फिरणार होता.

थंडीतल्या तापाने त्याची चव आणि वास दोन्ही नेले होते. तीन महिने वाट पाहा, असं डॉक्टर म्हणाले होते. ते तीन महिने आज संपले. सुपाला माप असं कधी नव्हतंच. पळीभर चाखायचं आणि मीठ-साखर जमवायची, एवढंच वडिलांनी शिकवलं होतं. आज जिभेला काही लागलं तर गाडा चालू ठेवायचा, नाहीतर कायमचा बंद, असं त्याने ठरवलं होतं.

रताळ्याचे गोळे खाल्ले. नुसते गरम लागले. कालवांचं ऑम्लेट बुळबुळीत लागलं, वरचा लाल सॉस फक्त दिसला.

“काय दादा, नवी बायको शोधताय?” सॉसेजवाल्याने विचारलं.

“शोधत होतो. तू भेटलास, आता इच्छाच मेली.”

शेवटी तो मेई-युनच्या गाड्यापाशी आला. तिच्या आंबवलेल्या तोफूचा उग्र वास गल्लीच्या तोंडापासून यायचा. चिन-शुईने छातीभर श्वास घेतला. काही नाही.

मेई-युनने बशी पुढे केली. त्याने दोन तुकडे खाल्ले.

“कसा झालाय?”

“नेहमीसारखाच. तुझ्या हाताला तोड नाही.”

तिने चिमटा खाली ठेवला. “दादा, माझं आंबवणाचं पाणी काल बिघडलं. हा साधा तोफू आहे. सगळ्यांना सांगून विकतेय.”

तो बशीकडे बघत राहिला.

“तुला कधी कळलं?”

“नव्या वर्षानंतर. सूप खारट व्हायला लागलं तेव्हा.”

“आणि रोज वाटी संपवत होतीस?”

“आम्ही सगळेच संपवत होतो. तुम्हाला कोण सांगणार?”

मग तीच म्हणाली, “रोज मी चाखून सांगत जाईन. मीठ तर मला कळतं.”

“मीठ कळेल गं. पण बाबांच्या सुपाची चव फक्त माझ्या तोंडात होती. ती तुला सांगू कशी? मलाच आता आठवत नाही.”

मेई-युनने त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. तो तसाच ठेवून चिन-शुई आपल्या गाड्याकडे परतला. पातेल्यात कालचा हाडांचा रस्सा उरला होता. तो ओतून टाकायला त्याने पातेलं गटारापाशी नेलं.

ओतण्याआधी सवयीने त्याने पळीभर चाखलं. जिभेला काहीच लागलं नाही.