टॉवर कसे पडले, यावरून दादाशी वाद

न्यूयॉर्कचे ते दोन टॉवर विमानांमुळे पडलेच नाहीत, आत आधीच सुरुंग पेरून ठेवले होते, असं माझ्या मोठ्या भावाचं ठाम मत आहे. असतं एखाद्याचं. पण मी स्ट्रक्चरल इंजिनीअर. जुन्या इमारती तपासणं हे माझं काम. आणि दर रविवारी मी मुलुंडहून घाटकोपरला दादाकडे जेवायला जाते. त्यामुळे गेली काही वर्षं बांगड्याच्या तिखल्याबरोबर हे टॉवरही मला गिळावे लागतात.

दादा अडाणी असता तर सोडून दिलं असतं. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये त्याने जन्मभर लोखंड कापलं, जोडलं, वाकवलं. वेल्डिंगचा जोड नुसता बघून कच्चा की पक्का ते सांगायचा. रिटायर झाल्यावर मुलीने मोठ्या स्क्रीनचा फोन घेऊन दिला, आणि तिथून वाट लागली.

"बिल्डिंग सरळ खाली बसली गं. आडवी पडली का? नाही ना? आणि लोखंड वितळायला केवढी आच लागते, ठाऊक आहे? विमानाच्या रॉकेलने वितळेल?"

"अरे, वितळावं लागतच नाही. नरम पडलं तरी वरचं वजन पेलत नाही. आणि वरचे एवढे माळे एकदम आदळले की खालचे कसले थांबतात?"

"तू माका लोखंड शिकवतलंस?" चिडला की दादा मालवणीवर येतो. मग वहिनी आमच्या दोघांच्या मध्ये भाताचं पातेलं आणून ठेवते.

एका रविवारी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "चल, तुझ्याच वर्कशॉपमध्ये दाखवते." पुढच्या शनिवारी दुपारी त्याला खरंच घेऊन गेले. मालक त्याचा जुना सोबती. त्याने दोन लोखंडी घोड्यांवर एक जाड सळई आडवी टाकली, मधोमध जुन्या मोटरचं धूड टांगलं आणि गॅसची ज्योत लावली. सळई लाल व्हायला लागली, तशी वाकत गेली. धूड जमिनीला टेकलं. एक थेंब वितळला नाही. खरं तर अशा हजार सळया दादाने स्वतः तापवून वाकवल्या होत्या. त्याला हे दाखवायला लागावं, याचाच मला संताप येत होता.

दादाने चहाचा घोट घेतला. "वाकली," म्हणाला.

क्षणभर मला वाटलं, जिंकले.

"पण ही सळई आहे. टॉवर नाही. आणि त्याच दिवशी शेजारची ती तिसरी बिल्डिंग पडली, तिचं काय? तिला तर विमान लागलंच नव्हतं."

"तिच्यात तासन् तास आग धुमसत होती, दादा!"

"असं ते सांगतात."



इथवर सगळं चेष्टेवारी नेता आलं असतं. पण त्याच वर्षी दादाच्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं. चार माळ्यांची, आमच्या लहानपणापासूनची बिल्डिंग. रिपोर्ट आला: धोकादायक, रिकामी करा. तो मी केला नव्हता, पण सेक्रेटरींनी मला वाचायला पाठवला. मी दोनदा वाचला. त्यात चूक काढायला जागा नव्हती.

सोसायटीच्या मीटिंगला मी मुद्दाम गेले. दादा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "हा रिपोर्ट बनवून घेतलाय. बिल्डरला जागा हवी आहे. माझी बहीण स्वतः इंजिनीअर आहे. तिनेच मला दाखवलं, लोखंड तापलं की वाकतं. आता मला सांगा, आपल्याकडे आग कुठे लागलीय?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! तीन कुटुंबांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, घर रिकामं करायच्या कागदावर आम्ही सही करणार नाही. मी उठून बोलले, पण धाकटी बहीण दादाला खोटं पाडतेय, एवढंच लोकांना दिसलं. एक आजोबा म्हणाले, "घरातलं भांडण घरात करा."

मीटिंग संपल्यावर मी दादाला हाताला धरून खाली पार्किंगमध्ये नेलं. पर्समध्ये माझी तपासणीची हातोडी असते. ती काढून कोपऱ्यातल्या खांबावर ठोकली. ठण्ण. मग जिन्याखालच्या खांबावर ठोकली. भद्द.

"ऐकलंस?"

तो खांबाजवळ सरकला.

"आग नाही लागली, दादा. पाणी लागलंय. वर्षानुवर्षं. आतली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट सुटून येतं. हे तरी तुला शिकवायला नको ना?"

त्याने माझ्या हातातली हातोडी घेतली. एकेका खांबाला कान लावून ठोकत गेला. एका ठिकाणी ढलपा पडला. आतल्या सळईवर नख मारलं तर गंजाचा पापुद्रा सुटून बोटाशी आला. तो त्याने चुरडून पाहिला. त्याचा चेहरा वर्कशॉपमधला झाला होता, कित्येक वर्षांपूर्वी मी डबा घेऊन जायचे तेव्हाचा.

"बाबांच्या मिलच्या गेटवरही कागदच लावला होता," तो एकदम म्हणाला. "तात्पुरती बंद. साहेबाची सही होती खाली. बाबा दर सोमवारी जाऊन वाचून यायचे. मिल परत उघडलीच नाही."

मला हे माहीत नव्हतं. मी तेव्हा फार लहान होते. कागदावर सही असली की दादा का बिथरतो, ते मला तेव्हा थोडं कळलं. तरी राग काही गेला नाही. एवढ्या माणसांच्या डोक्यावर छप्पर कोसळलं असतं, ते काय मिलच्या कागदामुळे?

दुसऱ्या दिवशी दादाने सही केली आणि त्या तीन घरांत स्वतः जाऊन सांगितलं. त्यांना काय म्हणाला, मला माहीत नाही. महिन्याभरात बिल्डिंग रिकामी झाली, दादा-वहिनी पलीकडच्या गल्लीत भाड्याने राहायला गेले. मला वाटलं, आता टॉवर सुटले.

मग पाडकाम सुरू झालं. दादा रोज सकाळी ते बघायला जायचा. एक दिवस मी अंधेरीत साइटवर असताना त्याचा फोन आला. मागे पोकलेनची धडधड.

"अगं, पंधरा दिवस झाले. एवढं मोठं मशीन लावलंय, तरी अजून दुसरा माळा उभा आहे. आणि तिकडचे शंभर माळे काही सेकंदांत? आपोआप?"

मी डोळे मिटले. "मग तूच सांग. शंभर माळ्यांत सुरुंग भरायला किती माणसं लागतील, किती दिवस? आणि कोणालाच दिसले नाहीत?"

 मला वाटलं, आता तरी अडकला.

"लिफ्टची दुरुस्ती म्हणून आत शिरले असतील," दादा म्हणाला.

खाली माणसं माझी वाट बघत होती. "कुंपणाच्या पत्र्यांपासून लांब उभा राहा," मी म्हटलं, "आणि तोंडाला रुमाल बांध, धूळ असेल." त्याने बांधलाय म्हणून सांगितलं आणि पुढे लिफ्टचं समजावू लागला. मी ऐकत राहिले.