जास्वंदीचा सेक्शन ए-ए

एकाहत्तरचा जुलै. लढाईला अजून काही महिने होते, पण हिंदी मुलखात, घमापूरच्या आमच्या दोन खोल्यांत तिची चाहूल आधीच लागली होती, कारण बाबांचा ओव्हरटाइम सुरू झाला होता. बाबा सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. तिथे कशाची ड्रॉइंगं काढतात ते विचारायचं नाही, असा घरचा नियम. विचारलंच तर म्हणायचे, "नट-बोल्ट."

माझ्याकडे गुप्त असं काहीच नव्हतं. मी डॉक्टर होणार, हे मी स्वतःच अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. शेजारच्या मांजरीच्या धडधाकट पायाला पट्टीही बांधून झाली होती. दूधवाले भैया मला 'डाक्टरनी जी' म्हणायचे आणि मी खुशाल ओ द्यायची.

नववीत विषय घ्यायचे होते. बायोलॉजी मिळालं तर मेडिकल कॉलेजची वाट उघडी, नाही तर गृहविज्ञान आणि उशांचे अभ्रे. जागा थोड्या, उमेदवार मुली खूप. बायोलॉजीच्या बहनजींनी सांगून टाकलं, "सोमवार को सब गुड़हल का फूल बनाकर लाओ. देखकर बनाना. उसी से तय होगा."

गुड़हल म्हणजे आपली जास्वंद. ती आमच्या अंगणातच होती, पण माझा हात? मी गाय काढली की आई विचारायची, "पलंग काहून काढला गं?"

रविवारी दुपारपर्यंत मी चार कागद फाडले आणि रडायला बसले. बाबांना त्या दिवशी कशीबशी सुटी मिळाली होती.

"रडून काहून राहिली?" ते म्हणाले. "फूल म्हणजे मशीनचा एक पुर्जाच. माप घे."

त्यांनी आपला लाकडी बोर्ड आणि टी-स्क्वेअर माझ्यापुढे मांडला. पेन्सिलला मात्र त्यांनी हात लावला नाही, फक्त तोंड चालवलं. पाकळीची लांबी, देठाची जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. वरून कसं दिसतं, बाजूनं कसं दिसतं. संध्याकाळ व्हायच्या आत दोन्ही चित्रं तयार! मी टाळ्याच वाजवल्या.

"अन् आतलं?" बाबा म्हणाले.

"आतलं कोणी मागितलंय?"

"आतला काप दाखवणाऱ्या सेक्शनशिवाय ड्रॉइंग पुरं होत नाही. काप."

दाढीचं ब्लेड आलं. पहिल्या फुलाचा मी चेंदामेंदा केला. दुसऱ्याचा थोडा कमी. आई दारातून ओरडली, "अगं, गणपतीची फुलं आहेत ती! अन् तुम्ही पण, अहो?"

चौथ्या फुलाला देठाजवळ फुगीर भाग होता तिथे आडवा काप दिला आणि मी किंचाळलेच. "बाबा! आत खोल्या आहेत!"

त्यांनी चष्मा पुसून मोजल्या. "पाच. आपल्यापेक्षा तीन जास्त."

प्रत्येक खोलीत पांढरे बारीक दाणे. मी इतकी खूश झाले की आईला हाताला धरून ओढत आणलं. ओरडणं विसरून तीही वाकून बघत राहिली. मग मी तो काप कागदावर खाली काढला आणि बाबांच्या कारखान्यातल्या रीतीप्रमाणे त्याला नाव दिलं, 'सेक्शन ए-ए'.

सोमवारी वर्गात इतर मुलींची फुलं बघितली. लालचुटूक रंग, पाकळ्यांवर छाया, एकीनं तर दवाचे थेंबही काढलेले. माझ्या कागदावर बाण, आकडे आणि खाली चौकटीत 'पाकळी, नग ५'. मागून आवाज आला, "अरे, ये तो पानी का पंप है!" वर्ग खो-खो हसला. उशांचे अभ्रे माझ्या डोळ्यांपुढे नाचायला लागले.

बहनजींनी कागद उचलला. आडवा धरला, उभा धरला. "ये नीचे क्या है?"

"जी, सेक्शन ए-ए."

"फूल काटा था?"

"जी. चार." मग मीच घाईनं म्हटलं, "तीन बिगड़ गए."

वर्ग पुन्हा हसला, तेव्हा बहनजींनी डस्टर आपटलं. दवाच्या थेंबांवालीला विचारलं, "तुम बताओ, अंदर कितने खाने होते हैं?" ती आपल्याच चित्रात शोधायला लागली. आणखी दोघींना विचारलं. त्यांनी आपापले कागद उलटून पाहिले. मला राहवेना, मी हात वर करून उड्या मारायला लागले.

"पाँच, बहनजी! हर एक में दाने!"

"बैठो, बैठो, छत गिराओगी," असं म्हणत त्यांनी रजिस्टर ओढलं आणि माझं नाव लिहिलं. सगळ्यात वर!

मी घरापर्यंत पळत आले. दूधवाल्या भैयांना, मांजरीला, जो भेटेल त्याला सांगत. बाबा सायकल लावत होते तेवढ्यात मी ओरडले, "पास!"

"चलो," ते म्हणाले. खूप वेळ हसू दाबून बघितलं, पण जमलं नाही.

आईनं आतून पूजेचं ताट आणलं. त्यात एकच जास्वंद उरली होती. "उद्यापासून पहिलं फूल गणपतीचं," ती मला म्हणाली, "मग तुझं ब्लेड."