नाल्यातला पंख

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, मुलांना नाही. तुम्हाला का सांगतो आहे—ठाऊक नाही. तुम्ही ऐकाल आणि उठून जाल. तेवढे पुरे.

सुरुवात गोविंदच्या वडिलांपासून करावी लागते. गोविंद माझा मित्र. हैदराबादच्या एकाच सरकारी कारखान्यात आम्ही होतो—मी ड्रॉइंग ऑफिसचा प्रमुख, तो स्टोअर्समध्ये. त्याचे वडील महायुद्धाच्या काळात लष्करी विमानावर मेकॅनिक होते. गोविंद पाळण्यात असताना ते विमान नल्लमलाच्या डोंगरांत नाहीसे झाले. घरी तार आली: बेपत्ता. मृत नव्हे—बेपत्ता.

त्याच्या आईने, आमच्या अंबरपेठेच्या काकूंनी, तो शब्द होता तसाच धरला. माणूस बारा वर्षे परतला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचे दहन करतात. मग श्राद्ध सुरू होते. काकूंनी ते करू दिले नाही. कुंकू लावत राहिल्या. हळदीकुंकवाला त्यांना बोलवावे की नाही, यावर शेजारणी कुजबुजत. एकीने तोंडावरच विचारले, "मावशी, तुमचं नक्की काय धरायचं?" काकू म्हणाल्या, "तुझा नवरा संध्याकाळी कुठं असतो, ते आधी धर."

पण वयाबरोबर त्या थकल्या. एक दिवस मुलाला म्हणाल्या—देह नको, विमानाचा एखादा पत्रा आण. तो मुसी नदीत सोडते आणि कुंकू पुसते. माझं एकदाचं काय ते ठरू दे.

म्हणून विमान शेवटचे दिसले होते त्या डोंगरावर आम्ही गेलो. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षे. कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची बोलणी चालू होती. माझ्या टेबलावर ड्रॉइंग्ज येणे थांबले होते. परदेशी यंत्रे आपली ड्रॉइंग्ज सोबत घेऊनच येत. माझे मत कोणी विचारीत नसे. हे सबब म्हणून सांगत नाही. डोक्यात काय घेऊन मी डोंगर चढलो, ते सांगतो.

गोविंद म्हणाला, नाला धरू. इतक्या पावसाळ्यांत जे वर पडलं ते खालीच आलं असेल. मी म्हणालो, विमान आदळते ते कड्यावर. होकायंत्र माझ्याजवळ होते. पायवाट सोडून मी कड्याची दिशा धरली. बांबूची बेटे, पायाखालून निसटणारे दगड, संपत आलेले पाणी. गोविंदचा गुडघा सुजला. "नक्को रे बाबा, कायको जिद करतोस? नाल्यात उतरू." मी चालत राहिलो. "चीफसाब," तो हसत म्हणाला, "जंगलात तुमचा शिक्का चालत नाही." ते मला लागले. स्टोअर्समध्ये पोती मोजणाऱ्याने मला दिशा शिकवू नये—असे मी त्याला बोललो.

शेवटचा चढ मी एकट्याने चढलो. तो खाली एका झाडाला टेकून बसला. वर काय होते? काहीही नव्हते. उघडा खडक. मी वळलो, दुर्बीण लावली, खाली पाहिले—

नाल्यात, त्याने सांगितलेल्या नाल्यात, वेलींमधून एक पंख बाहेर आला होता. करडा. सरळ कडेचा. जन्मभर रेषा तपासलेल्या माणसाला ती कड ओळखता येऊ नये? झाड अशी कड काढत नाही. दगडही नाही.

खालून आवाज आला, "दिसलं का रे काही?"

"काही नाही."

एवढेच. खाली उतरेपर्यंत ते शब्द मागे घेता आले असते. उतरल्यावरही. परतीच्या बसमध्येही. पण मग दिवसभर जे बोललो, त्याचे काय केले असते? तो बरोबर होता—इतके साधे वाक्य माझ्या तोंडून निघाले नाही. आजही त्याचे दुःख होत नाही, चीड येते. इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी—!

अंबरपेठेत काकूंनी मुलाला विचारले नाही. मला विचारले. "तू स्वतः वर गेलास?"

"गेलो."

"नीट बघितलंस?"

"बघितलं, काकू. काही नाही."

त्यांनी माझ्यापुढे पोह्यांची बशी ठेवली. मी पोहे खाल्ले.

गोविंद पुन्हा गेला नाही. कशाला जाईल? "यानं पाहून नाही म्हटलं म्हणजे नाहीच," असे तो चारचौघांत सांगे. कोणी म्हणेल, बरे केलेस, म्हातारीचे कुंकू राहिले. ती पळवाट मला नको. काकूंनी कुंकू राखायला सांगितले नव्हते. सोडवायला सांगितले होते.

काही वर्षांनी काकू गेल्या. अंगणात भटजींनी विचारले—सवाष्ण म्हणून न्यायचे, की कसे? लुगडे हिरवे आणायचे, की पांढरे? बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. गोविंद माझ्याकडे वळला. "तू सांग. वर तूच गेला होतास."

सगळे थांबले होते. तेव्हा तरी—?

"हिरवं," मी म्हणालो.

ओटी भरली. कपाळभर कुंकू लावले. मी खांदा दिला. त्यांचा नवरा त्या नाल्यात होता, आणि त्या अंगणात ते फक्त मला ठाऊक होते.