नव्वद मिनिटांची कॅसेट

पाथरीच्या स्टँडसमोरच्या त्या कॅसेटवाल्याचं नाव मी मुद्दाम घेत नाही. लय गोड बोलायचा मेला. कॅसेट बाहीला पुसल्याबिगर हातात द्यायचा नाही, अन् दर वाक्याला त्याचं चालू, "काकू, घरचंच समजा."

मला आमच्या आत्याबाईंच्या ओव्या भरून ठेवायच्या होत्या. त्यांना जात्याला हात लावल्याशिवाय एक ओवी आठवायची नाही. म्हणून मोठी, नव्वद मिनिटांची कॅसेट घेतली, अन् त्यानं ती बाजारापेक्षा स्वस्त दिली. आत्याबाईंनी थकल्या हातानं शेवटचं म्हणून दळण दळलं. पण दोन्ही बाजू तासाभरातच संपल्या, निम्म्या ओव्या राहिल्या.

मी ती कॅसेट घेऊन तणतणत दुकानात गेले. "नव्वदची म्हणून साठची विकतोस, लाज न्हाई वाटत?"

"फिकर कशाला काकू, बदलून देतो की!" त्यानं दुसरी कॅसेट बाहीला पुसून माझ्या हातात ठेवली. जुनी टेपात घालून बटणं दाबली. मला वाटलं, तपासायलाय.

"काय करायलास रे?"

"पुसायलोय. कोरी करून विकतो."

मी झडप घालून ती काढली, तोवर पहिल्या ओव्या गेल्या होत्या.

"अरे, आत्याबाईंचा आवाज होता त्यात!"

"ओव्याच ना, काकू? परत म्हणायला लावा."

आत्याबाईंच्या हाताला आता भाकरीसुद्धा थापवत नव्हती. अन् हा मेला माझ्यासाठी हसत हसत चहा सांगत होता.