डावरीची नवी नळी

आमच्या घरातल्या रायफलीला गावात डावरी म्हणत. बेळगावजवळच्या उचगावच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. गावात परवान्याचं हत्यार हे एकच, आणि ते माझ्या थोरल्या भावाच्या नावावर होतं. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. रताळी भरू लागली की डोंगरातून डुकरं उतरत, वाफेच्या वाफे उकरून टाकत, आणि मग लोक आमच्या दारात येत.

रायफल बोल्टची, म्हणजे मागची दांडी सरकवून भरायची होती आणि तिची गोळी डावीकडे जाई. पन्नासेक पावलांवर वीतभर. अण्णांनी ते नीट पाहून ठेवलं होतं आणि तेवढं अंतर उजवीकडे धरूनच ते घोडा ओढत. पुढे पुढे त्यांना त्याचा विचारही करावा लागत नसे. गावानेही ते ओळखलं होतं. डबे वाजवून डुकरं उठवायच्या हाक्याच्या वेळी डाव्या बांधावर कोणी थांबत नसे. सगळे उजवीकडे जात, आणि दरवर्षी थोडे अधिक पुढे सरकत.

सर्वांत पुढे असे तो अण्णांचा लहानपणापासूनचा सोबती. त्याचं शेत आमच्या शेताला लागून. पत्र्याचा डबा गळ्यात अडकवून तो बांधावर उकिडवा बसे आणि म्हणे, "डावरीच्या उजव्या अंगाला बसलं की आईच्या मांडीवर बसल्यागत. तिकडं गोळी यायचीच न्हाय."

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या एका हंगामात गोळी डावीकडेही नेमाने जाईना. एका मोठ्या नराला ती मागच्या फऱ्यात लागली आणि तो रक्त सांडत झाडीत शिरला. तीन दिवसांनी रताळी खणणाऱ्या एका बाईवर तोच धावून आला. त्याच्या सुळ्याने तिची मांडी फाटली. बेळगावच्या दवाखान्यात तिचा पाय काढावा लागला. अण्णा तिला बघून माझ्याकडे आले ते रायफल घेऊनच. मी तेव्हा बेळगावात एका साप्ताहिकात बातमीदार होतो आणि कॅम्पाजवळ, लष्कराच्या छावणीपाशी राहत होतो. ते म्हणाले, "हिच्यापायी आनि कुणाचं काय व्हायला नगो. काय ते कर."

कॅम्पात बंदुका दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. त्याने बोल्ट काढला, नळी उजेडाकडे धरली आणि मागून डोळा लावला.

"अण्णा, गज तोंडाकडनं घालतासा न्हवं?"

"व्हय. बंदूक तशीच पुसत्यात की."

"ती ठासणीची वो. हिचा बोल्ट काढायचा आन मागनं गज घालायचा. एकाच अंगाला घासून घासून आटं खाल्लासा तोंडाचं."

वडिलांकडे तोंडातून दारू भरायची ठासणीची बंदूक होती. ती पुसण्याचं काम लहानपणी अण्णांकडे असे. ते म्हणाले, "म्हंजे वाकडी मीच केली."

"तुमीच की. दुसरं कोण करनार?"

नुसतं तोंड कापून भागण्यासारखं नव्हतं. नळीच्या आतले, गोळीला फिरकी देणारे आटे काडतुसाच्या घरापुढेही जळून गेले होते. कचेरीची परवानगी घेतली. नवी नळी मुंबईहून यायला महिना लागला. ती आली त्या दिवशी आम्ही दोघं दुकानात होतो. मिस्त्रीने लाकडाच्या दोन ठोकळ्यांत जुनी नळी धरून शिकंजा आवळला. मागच्या भागाला लांब दांड्याचा पाना लावून त्याने आणि त्याच्या भावाने जोर केला. नळी हलेना. त्याने सांध्यात तेल सोडलं, शेक दिला, पुन्हा जोर केला. लाकूड फुटल्यासारखा आवाज झाला आणि आटा सुटला. नवी नळी बसवताना तो ती पुन्हा पुन्हा काढून कानसत होता. बोल्ट काडतुसावर मिटला पाहिजे, पण रेटावा लागता कामा नये, एवढंच तो पाहत होता. शेवटी टोकाला नेम धरायची माशी बसवली. पहिली गोळी त्याने रायफल बांधून, घोड्याला दोरी लावून लांबून उडवली. मग वाळूच्या पोत्यावर ठेवून अण्णांनी निशाण मारलं. सगळ्या गोळ्या मधोमध, एका तळहातात मावतील अशा लागल्या.

मिस्त्री म्हणाला, "नळी सरळ झाली. आता जरा हाताला सांगा."

अण्णा हसले. त्या महिन्यातलं त्यांचं तेवढंच हसणं मी पाहिलं.

पुढच्या आठवड्यात हाका ठरला. तो नर अजून येत होता. लंगडत होता, पण येत होता. मी गावी गेलो होतो आणि अण्णांच्या मागे उभा होतो. त्यांनी सगळ्यांना बजावलं, "नळी बदललीया. उजव्या बांधावर कुणी थांबू नगा. माझ्या मागं या."

बाकीचे मागे आले. सोबती आला नाही. "नळी बदलली म्हनून काय झालं? तू त्योच हाईस न्हवं?" असं म्हणत तो बांधाकडे निघाला.

"ऐक रं," अण्णा म्हणाले.

"व्हय व्हय. बसतो खाली."

डोंगराच्या अंगाने डबे वाजू लागले. डुक्कर झाडीतून निघालं आणि रताळ्याच्या वाफ्यांवरून उजवीकडे पळालं. पोत्यावर निशाण मारायला वेळ होता. इथे नव्हता. अण्णांनी रायफल खांद्याला लावली आणि मला मागून दिसलं की नळीचं तोंड डुकराच्या थोडं उजवीकडे, पुढे गेलं आहे. मी काही म्हणेपर्यंत बार झाला होता. डुक्कर बांध ओलांडून गेलं. त्याच्या पलीकडे बसलेला माणूस डब्यावर आडवा पडला.

गोळी पोटात होती. त्याला बैलगाडीत घातलं आणि बेळगावची वाट धरली. त्याचं डोकं अण्णांच्या मांडीवर होतं. उचगाव सोडल्यावर त्याने विचारलं, "डुक्कर पडलं काय रं?"

"पडलं," अण्णा म्हणाले.

"मग बरं झालं."

हिंडलग्याच्या अलीकडे तो गेला. गाडी तिथूनच माघारी वळवता आली असती, पण पोलिसांकडे जायचंच होतं, म्हणून आम्ही पुढे गेलो.

पंचनाम्याला फौजदार गावात आले. त्यांच्याआधी गावातले चार जाणते लोक आमच्या सोप्यात येऊन बसले. त्यांचं ठरलं होतं. गोळी दगडाला लागून फिरली, असं सगळे सांगणार होते. बांधावरचा एक दगडही त्यांनी हेरून ठेवला होता. त्यात कोणाचं नुकसान नव्हतं. सोबत्याचा थोरला भाऊही त्यांच्यात होता आणि तोच समजावत होता, "अण्णा, आमचा गेला त्यो गेला. तुमी आत जाऊन त्यो येनार हाय काय?"

फौजदारांनी विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, "दगडाला लागली न्हाय. मी धरली तिथंच गेली."

एक जण घाईने म्हणाला, "सायेब, त्ये दुःखात हाईत."

"दुःख हाय. पर गोळी तिथंच गेली," अण्णा म्हणाले, आणि तसंच लिहिलं गेलं.

कोर्टाने तो अपघात मानला. परवाना रद्द झाला आणि रायफल जमा झाली. नवीन नळीतून हाक्यात तेवढी एकच गोळी सुटली. डुक्कर त्या हंगामात मेलं नाही.

रताळी अजून जमिनीत होती. सोबत्याची बायको एका सकाळी आमच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. ती अण्णांना म्हणाली, "तुमी त्यास्नी डुक्कर पडलं म्हनून सांगितलासा. आमच्या रानात त्ये रोज येतंय. राखनीला कोन बसायचं?"

अण्णांनी कोनाड्यातला पत्र्याचा डबा घेतला आणि तिच्या मागोमाग निघाले. त्या हंगामात, आणि पुढे अंगात बळ होतं तोवरच्या प्रत्येक हंगामात, त्यांनी ते शेत डबा वाजवून राखलं. बसायची जागा उजवा बांध. तिथं बसू नका, असं त्यांना घरात कोणी कधी म्हटलं नाही.