दाराआडची शाळा

सासऱ्यांना मराठी वाचायला मी शिकवलं, असं गावात अजून म्हणतात. कोणी कोणाला काय शिकवलं, याचा घोळ माझ्या डोक्यातून मात्र गेलेला नाही.

आमचं गाव जळकोटच्या अलीकडं. मामंजींचं शिक्षण निजामाच्या राज्यातलं, म्हणजे सगळं उर्दूत. राज्य बदललं, गावात ग्रामपंचायत आली, आधीपासून गावाचा कारभार बघणारे मामंजी सरपंच झाले आणि कागद मराठीत येऊ लागले. बोलायला घरात मराठीच, पण तीच कागदावर आली की मामंजी चष्मा पुसत बसायचे. विरोधकांना तेवढंच हवं होतं. ज्याला वाचता येत नाही त्यानं खुर्ची सोडावी, असं पारावर उघड बोललं जाई. पुढच्या ग्रामसभेला तालुक्याचे साहेब येणार होते. त्यांच्यासमोर खालच्या आळीच्या नव्या विहिरीचा ठराव सरपंचांनी स्वतः वाचावा, अशी मागणी या मंडळींनी करून ठेवली होती.

घरात मराठी सातवी झालेली मी एकटी. सासूबाई म्हणाल्या, “मामंजीला अक्षरं दाखव जरा. साठीला आलेत, पर शिकतो म्हणतेत.”

मी हो म्हणाले आणि घाबरले. सासऱ्यांशी बोलायचं नाही, समोर उभं राहायचं नाही, मग शिकवायचं कसं? शेवटी मामंजी सोप्यात बसले आणि मी माजघरात, दाराआड. मी पाटीवर अक्षर काढायची, सासूबाई ती बाहेर न्यायच्या आणि मी सांगितलेला उच्चार त्यांना सांगायच्या. अक्षरं लवकर आली. मग मामंजी पहिलीचं पुस्तक मोठ्यानं वाचू लागले. ते मला तोंडपाठ होतं. पण मोठ्या माणसाला ‘चुकलात’ म्हणणार कोण? मी मनाशीच ठरवलं, बरोबर आलं की बांगड्या वाजवायच्या, चुकलं की गप्प बसायचं.

आणि मामंजी दिवसेंदिवस बिघडत चालले. ‘कमळ’ सरळ वाचायचे. मी खुशीत बांगड्या वाजवायची. ते थांबायचे, खाकरायचे आणि ‘कमाल’ म्हणायचे. मी गप्प. ते समाधानानं पुढं जायचे. मला काही कळेना. म्हातारा मुद्दाम करतोय की काय, असंही मनात येऊन गेलं. कधी राग यायचा, कधी रडू.

सभा शाळेच्या पटांगणात भरली. आम्ही बायका एका कडेला बसलो होतो. मामंजी उठले आणि पहिली ओळ त्यांनी स्वच्छ वाचली. आनंदानं माझा हात आपोआप हलला आणि बांगड्या वाजल्या.

मामंजी थांबले. तीच ओळ पुन्हा वाचू लागले, पण आता अडखळत, चांगले शब्द मोडत. दुसरी ओळ बरोबर आली, माझ्या बांगड्या वाजल्या आणि पुन्हा तेच झालं. पारावरची मंडळी हसली. “बघा सायेब, म्हणलं नव्हतं?” कुणीतरी बोललं.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या घरात दाराआडून बांगड्या वाजल्या की पुरुषांनी थांबायचं. मामंजी कुणाला भलता शब्द द्यायला निघाले की सासूबाई अशाच बांगड्या वाजवून त्यांना अडवायच्या. आणि बाई गप्प राहिली, म्हणजे तिला मान्य आहे. हा रिवाज लग्न झाल्यापासून मी रोज बघत होते, आणि शिकवताना तोच विसरले होते.

मी उभी राहिले. “मामंजी, बरोबर वाचायलाव तुमी. थांबू नका.”

सासूबाईंनी माझा पदर ओढला. सगळी सभा माझ्याकडं बघत होती, मामंजी सोडून. त्यांनी चष्मा नीट केला आणि ठराव शेवटपर्यंत वाचला. कुणाची हरकत आहे का, असं साहेबांनी विचारलं. कुणी बोललं नाही. ठराव मंजूर झाला.

घरी जेवायला बसल्यावर मामंजी खांबाकडं बघत म्हणाले, “बांगड्या वाजल्या म्हंजी बरोबर व्हतं व्हय?”

“व्हय म्हणतीय ती,” सासूबाई म्हणाल्या.

“आन गप ऱ्हायली म्हंजी चूक?”

“व्हय,” या वेळी मीच दाराआडून म्हणाले.

त्यांचा घास हातातच राहिला. “आजबी सभा गपच बसली. म्या इतकी वर्सं गावाचा कारभार बघितला, सारं गाव गपच बसायचं. ते मग काय व्हतं?” आता ते खांबाकडं बघत नव्हते. दाराकडं बघत होते.

मान्य व्हतं म्हणावं तरी पंचाईत, नव्हतं म्हणावं तरी पंचाईत. मी गप्प राहिले.

मामंजींनी ताटातच हात धुतला, डोक्याला पटका गुंडाळला आणि खालच्या आळीत गेले. तिथं त्यांनी घराघरापुढं थांबून, बायकांनासुद्धा, विचारलं म्हणे, “हीर कुठं पायजे, तोंडानं सांगा.”

इकडं सासूबाई ताटातल्या अर्ध्या भाकरीकडं बघत होत्या. “काय म्हणलीस गं त्यान्ला?”

मी तर काहीच म्हणाले नव्हते.